बापूची घंटी

गळ टाकणाऱ्या माणसांकडे मासे कमी आणि किस्से जास्त असतात. कारण सोपं आहे. मासा खाल्ला की संपतो, सोडला की जातो. किस्सा मात्र गाडीत बसून आपल्याबरोबर घरी येतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत वजनाने चांगला वाढतो! आमच्याकडे असे बरेच साठलेत. सांगायचे तर आत्ताच सांगावेत, कारण "हॅ, असं झालंच नव्हतं!" म्हणून मला मध्येच तोडणारे तिघंही अजून शाबूत आहेत.

आम्ही चौघं. माझं गंगापूर रोडला चष्म्याचं दुकान आहे, म्हणून माझं नाव चष्म्या. साठी उलटली तरी तेच. रघू निफाडचा, त्याची द्राक्षबाग आहे. नाना कळवणच्या पलीकडचा. त्याचं शेत धरणाच्या पाण्याला लागून, त्यामुळे मुक्काम त्याच्याकडे आणि परवानग्यांची कटकटही त्याच्याच डोक्याला. आणि बापू. बापू सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होता. सगळं आयुष्य लेथवर उभं राहून काढलं. अवघड जॉब आला की तिथले साहेब म्हणायचे, "बापूच्या हातात द्या." हे त्याने आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की ते साहेब आता आमच्याही ओळखीचे झालेत.

आम्ही दरवर्षी होळीच्या आधी जातो. तोवर धरणाचं पाणी मागे हटलेलं असतं आणि वरून नदी येऊन मिळते तिथे एक खोल डोह उरतो. महाशीर मासा तिथेच सापडतो. पुस्तकात या दिवसांना वसंत म्हणतात. समोर पळस फुललेला असतो, नानाच्या आंब्याला मोहर असतो, आणि आम्ही कानटोपी, मफलर, दोन दोन स्वेटर घालून दगडावर कुडकुडत बसलेले असतो! थंडी गेली म्हणून लोक रजया कपाटात टाकतात, आणि नेमकी त्याच आठवड्यात ती आमच्यासाठी परत येते.

*

माझ्या पहिल्या ट्रिपला मी एकही गळ पाण्यात टाकला नाही.

झालं असं की मी नवीन रॉड, नवीन रील, सगळं दिमाखात घेऊन गेलो आणि बापूसमोर दोरी धरून म्हणालो, "एवढा हुक बांधून दे रे."

बापूने माझ्याकडे बघितलं. "ज्याला स्वतःचा गळ बांधता येत नाही, त्याने भद्रकालीच्या बाजारातून मासे आणावेत!"

मग त्याने मला एका दगडावर बसवलं. दोरी गळाच्या नेढ्यातून ओवायची, तिच्याच भोवती वेढे द्यायचे, टोक पहिल्या फासातून परत काढायचं, थुंकी लावायची आणि हळू ओढायचं. मी बांधायचो, बापू दोन बोटांनी ओढायचा, गाठ सुटायची. "परत." दिवसभर हेच! बाकीचे मासे धरत होते आणि मी दुकान बंद ठेवून शिवणकाम शिकत होतो. संध्याकाळी एकदाची गाठ टिकली. बापूने ती ओढून बघितली, दाताने ओढून बघितली, आणि म्हणाला, "आता चल घरी."

इतका राग आला होता की वणीपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. पण ती गाठ आजही माझ्या बोटांत आहे.

*

बापूचा दुसरा नियम असा, की दुसऱ्याच्या रॉडला हात लावायचा नाही. काही झालं तरी! रॉड बेचक्यावर टेकवलेला असतो, टोकाला छोटी घंटी. मासा ओढायला लागला की ती वाजते. ज्याची घंटी, त्याने उठायचं. बाकीच्यांनी फक्त नाव घेऊन ओरडायचं.

एकदा रघूची घंटी वाजली तेव्हा रघू डबा घेऊन झुडपामागे गेला होता.

"रघू, घंटी!" आम्ही तिघं ओरडलो.

"आलो, आलो!"

"रघूऽऽ, घंटी!"

"आरं, माणूस कसा येईल लगेच? धरा की कुणीतरी!"

कुणीही धरलं नाही. रॉड बेचक्यावरून उडाला, दगडांवरून घसरत पाण्यात गेला. रघू एका हाताने पायजमा सावरत आला आणि तसाच त्या बर्फासारख्या पाण्यात घुसला. रॉड मिळाला, मासा गेला. शेकोटीपाशी बसून थडथड दात वाजवत तो म्हणाला, "लय मोठा व्हता."

"मोठाच असणार," बापू म्हणाला. "गेलेला मासा कधी लहान असतो का?"

*

आमिष शालिनीवहिनी करून देतात. म्हणजे बापूच्या मिसेस. कणीक, शेंगदाण्याची पेंड, गूळ, वेलची. वहिनी स्वतः माशाचा वास सहन करत नाहीत, पण हे मात्र मन लावून मळतात. त्याचे गोळे करून स्टीलच्या डब्यात भरून देतात.

एका वर्षी आम्ही पोचलो तर नानाकडे त्याचे व्याही आलेले. आम्ही हातपाय धुवायला मागे गेलो. परत येऊन बघतो तो डबा उघडा आणि व्याही दुसरा लाडू संपवतायत! नानाचा चेहरा पांढरा पडला. नवीन सोयरीक. सांगणार कोण?

व्याह्यांनी बोटं चाटली. "चांगले झालेत. पण वहिनींनी तुपात हात आखडता घेतलाय."

आम्ही सगळे खाली बघत होतो. बापू अगदी गंभीरपणे म्हणाला, "हो ना. त्यांना तूप चालत नाही."

"कोणाला?"

"ज्यांच्यासाठी केलेत त्यांना," बापू म्हणाला आणि हळूच डबा उचलून गाडीत नेऊन ठेवला. व्याही अजूनही बापूच्या घरी कोणाला तूप चालत नाही याची चौकशी करतात!

*

हा पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण तो गाळला तर बापू कळणार नाही.

त्या वर्षी रघूचा शेवटचा प्लॉट तोडायचा राहिला होता. व्यापारी दोन दिवसांनी येणार म्हणून रघू कसाबसा आला होता. दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि गारा पडायला लागल्या. आम्ही ताडपत्री डोक्यावर धरून उभे. नाना मजेत ओरडत होता, "पानी बर्फ व्हई गयं भो!" डोहावर नुसता तडतड आवाज. रघू एकटा ताडपत्रीच्या बाहेर उभा राहून निफाडच्या बाजूचं आभाळ बघत होता. तिथे फोनला रेंज नाही. परत चला म्हणावं असं त्याला वाटत होतं, पण आमची ट्रिप मोडायचा संकोच.

बापूने काहीही न विचारता रील गुंडाळायला सुरुवात केली. गारांच्या माराखाली त्याने आपला रॉड खोलला, पिशवीत घातला आणि गाडीची किल्ली काढली. "थंडी फार आहे. मला झेपत नाही," असं म्हणाला. बापूला! जो धुक्यात नुसत्या शर्टावर बसायचा!

आम्ही निफाडला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. बागेत सगळीकडे पानांचा चुरा, मणी तडकलेले. रघू एका ओळीतून आत गेला आणि दुसऱ्या ओळीतून बाहेर आला. त्याच्या हातात एक घड होता. त्याने तो मोटारीच्या पाण्याखाली धुतला, तडकलेले मणी काढून टाकले आणि आमच्यापुढे धरला.

"खा. गोड हायत."

आम्ही खाल्ले. ते खरंच गोड होते, आणि त्या दिवसापासून मला द्राक्षं खाताना बरं वाटत नाही.

*

मग एकदा बापू दुकानात आला. गिऱ्हाइकं होती म्हणून बाकावर बसून राहिला, सगळी गेल्यावर खुर्चीत येऊन बसला.

"चष्म्या, डोळे तपास. गळात दोरी ओवता येत नाही आजकाल. नेढंच सापडत नाही."

मी तपासले. लांबचं बघितलं, जवळचं बघितलं, बारीक अक्षरांचा बोर्ड हातात दिला. तो बोर्ड त्याने डाव्या हातात घेतला. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. बापूने सगळ्यात खालची ओळ धडाधड वाचली.

"बापू, डोळे ठणठणीत आहेत," मी म्हणालो.

तो बोर्डाकडे बघत राहिला.

"परत तपास."

मी परत तपासले. काय करणार? मशीनचा दिवा परत लावला, परत काचा बदलल्या. माझे हात नुसतेच चालू होते, कारण दोघांनाही कळलं होतं की आज माझ्या दुकानातला कुठलाच नंबर उपयोगाचा नाही. शेवटी त्याने मांडीखालचा हात काढून माझ्या काउंटरवर ठेवला. काउंटरच्या काचेवर त्याची अंगठी टिकटिक वाजत राहिली.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

*

त्यानंतरची पहिली ट्रिप. इथे बापूची एक सवय सांगायला हवी. आम्ही रॉड बेचक्यावर ठेवून गप्पा मारतो. बापू मात्र रॉडच्या मुठीवरचा हात कधी काढत नाही. "हाताला आधी कळतं, घंटीला नंतर," हे त्याचं म्हणणं. त्यामुळे आता काय होणार? घंटी वाजायला लागली!

"बापू, घंटी!" आम्ही ओरडलो.

"मी आहे," बापू म्हणाला.

थोड्या वेळाने परत किणकिण. "बापू, घंटी!"

"मीच आहे रे."

दुपारपर्यंत आम्ही ओरडायचं सोडून दिलं. घंटी वाजत राहायची, आम्ही बोलत राहायचो. रघूने एकदा चेष्टा करायचा प्रयत्न केला. "देवळात बसल्यासारखं वाटतंय, नाय का?" बापू हसला, म्हणून आम्हीही हसलो.

मुठीवरचा हात काढ, असं त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानेही काढला नाही.

*

आता यंदाचा.

निघण्याच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, त्यांच्या स्वेटरची बटणं काढून मी चेन लावलीय. मुद्दाम लावली असं बोलू नका. आणि त्यांना सांभाळा म्हणत नाही मी, त्यांना राग येतो. फक्त परत येताना ते गप्प असतील तर तुम्ही बोलत राहा."

नानाकडे पोचलो त्या संध्याकाळी गारा पडून गेल्या होत्या. सकाळी बांधावर अजून कुठे कुठे पांढरं दिसत होतं, आणि वारा तर असा की पळसाची फुलंसुद्धा चुकून उमलल्यासारखी वाटत होती. आम्ही डोहावर बसलो. आम्ही तिघांनी गळ बांधले, टाकले. बापू बांधायला बसला.

दोरी नेढ्याशी यायची आणि बाजूने जायची. आम्ही दुसरीकडे बघत होतो. रघू रेंज नसलेला फोन बघत होता. नाना एकच काडी शेकोटीत सारखी सरकवत होता. दोरी एकदाची आत गेली, वेढे पडले, फासातून टोक काढताना सगळं सुटलं. परत. गार वाऱ्याने आमचीच बोटं वाकत नव्हती, तिथे त्याची काय कथा! एकदा गळच दगडांत पडला. रघूचा हात पुढे गेला.

"हात नको," बापू म्हणाला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याने गाठीला थुंकी लावली आणि दाताने हळू ओढली. गाठ बसली. गोळा लावून त्याने गळ डोहात टाकला, रॉड बेचक्यावर ठेवला आणि मुठीवर हात ठेवून, आमच्याकडे न बघता म्हणाला, "हा शेवटचा. हा तुटला की मी रील गुंडाळणार. पुढच्या वर्षीपासून तुम्ही तिघं या."

"का म्हणून?" रघू उसळला.

"नियम आहे."

"नियम कुणी केला? तूच ना? मग तूच मोड!"

"चष्म्याला दिवसभर दगडावर बसवलं तेव्हा नाही मोडला. आता माझ्यासाठी मोडू?"

मला राग आला. खरंच राग आला, भीती वाटल्यावर येतो तसा. मी म्हणालो, "बापू, तू मला बसवून ठेवलंस. पण माझी गाठ सुटली म्हणून घरी जा, असं एकदाही म्हणाला नाहीस. परत बांध म्हणालास."

"तुझी पुढे जमणार होती," बापू म्हणाला.

वारा वाहत होता. घंटी किणकिणत होती. नानाने थर्मास काढला आणि चहा ओतायला लागला. बापूला आम्ही अर्धाच ग्लास देतो, म्हणजे सांडत नाही. तो अर्धा ग्लास बापूने दोन्ही हातांत धरला. रघू माझ्याशी गाडीच्या टायरबद्दल काहीतरी बोलायला लागला, आणि मीही टायर हा मोठा गहन विषय असल्यासारखी मान हलवत होतो. घंटी वाजतच होती.

नाना थर्मास हातात तसाच धरून थांबला. त्याने घंटीकडे बघितलं. मग बापूकडे बघितलं.

"बापू," तो हळूच म्हणाला, "तुन्हा हात कोठे शे?"

बापूने खाली बघितलं. दोन्ही हात ग्लासाभोवती होते. ग्लासातला चहा हलत होता. घंटी त्याच्यापासून चांगली लांब होती, आणि ती आता किणकिणत नव्हती, ती झोडपल्यासारखी वाजत होती.

"मी नाही," बापू म्हणाला. "अरे, हा मी नाही!"

"बापूऽऽ, घंटी!" आम्ही तिघंही जिवाच्या आकांताने ओरडलो.

ग्लास दगडावर पडला. बापूने रॉड उचलला आणि रील कर्रर्र करत सुटलं. मासा सरळ डोहाच्या तळाकडे गेला. आमच्यापैकी कुणीही रॉडला हात लावला नाही. रघूने स्वतःचे दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. बापूचा हात थरथरत होता की नाही, मला सांगता येणार नाही, सगळा रॉडच इतका हलत होता. खरं सांगायचं तर आम्ही माशाकडे बघतच नव्हतो. दोरी पाण्यात शिरते तिथे बघत होतो. खाली कुठेतरी ती गाठ होती, आणि मासा तिला ओढत होता.

"सैल सोड!" रघू म्हणाला. "नाय, नाय, धर!"

"गप्प बस," बापू म्हणाला.

मासा आला, गेला, परत आला. एकदा दगडामागे शिरला आणि दोरी खरवडल्याचा आवाज आला. नानाने डोळे मिटून घेतले. मग दोरी सुटी झाली, आणि बापू एकेक पाऊल मागे येत राहिला. उथळ पाण्यात तो महाशीर आडवा झाला तेव्हा त्याचे खवले उन्हात सोन्यासारखे दिसले. मोठा होता. गेलेला नव्हता, तरी मोठा होता!

बापू त्या गार पाण्यात गुडघ्यांवर बसला. महाशीर आम्ही घरी नेत नाही, कमी राहिलेत. त्याने तोंडातून गळ काढला आणि मासा दोन्ही हातांत, प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला. दमलेल्या माशाला असं थोडा वेळ धरावं लागतं. मग शेपूट हलली, आणि बापूच्या हातांत नुसतं पाणी उरलं.

तो उठला नाही. त्याने ओली दोरी चाचपत गळापर्यंत आणली आणि माझ्यासमोर धरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःचा गळ दुसऱ्या कुणाच्या हातात दिला.

"चष्म्या, बघ."

मी चष्मा पुसला. गाठ डोळ्यांजवळ आणली. वेढे सारखे नव्हते, एक दुसऱ्यावर चढलेला होता. मी दोन बोटांनी ओढून बघितली, मग दाताने ओढून बघितली.

"बापू, गाठ ठणठणीत आहे."

तो पाण्यातून माझ्याकडे बघत होता. कानटोपी एका कानावर सरकली होती आणि चेहरा सगळा ओला होता.

"परत तपास," बापू म्हणाला.